कठडा कोणी बांधायचा?

पुणे-नगर रस्त्याने कोरेगाव भीमा ओलांडले, की सणसवाडी, शिक्रापूर आणि पुढे रांजणगाव गणपतीपर्यंत कारखान्यांची रांग लागते. एकेकाळी ज्वारी-बाजरीच्या असलेल्या या शिवारात आता दिवस उजाडतो तो पाळीच्या भोंग्याने. पाळी सुरू होण्यापूर्वी अनेक कारखान्यांत एक छोटासा विधी पार पडतो. कामगार ओळीने उभे राहतात, सुपरवायझर कागदावरून सुरक्षिततेच्या सूचना वाचतो, कुठे शपथ म्हटली जाते, आणि शेवटी एका नोंदवहीत प्रत्येकजण सही करतो. सूचना ऐकल्या, त्या समजल्या आणि त्या पाळीन, असा त्या सहीचा अर्थ. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन आला, की या विधीला उत्सवाचे रूप येते. हिरवा-पांढरा ध्वज फडकतो, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात, छातीवर बिल्ले लागतात. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली. त्या संस्थेचा हेतू निःसंशय थोर होता. परंतु हेतू थोर असला म्हणून विधी पावन होतोच असे नाही, हे विधींच्या सहवासात आयुष्य घालवणाऱ्या आपणा कॅथोलिकांना तरी कोणी वेगळे सांगायला नको.

माझे म्हणणे प्रारंभीच स्पष्ट मांडतो. आज बहुतेक ठिकाणी ज्या रीतीने हा विधी पार पाडला जातो, त्या रीतीने तो कामगाराचे यंत्रापासून रक्षण करत नाही. तो मालकाचे कामगारापासून रक्षण करतो. अपघात झाल्यावर चौकशी अधिकाऱ्यापुढे सर्वांत आधी ठेवली जाते ती सह्यांची नोंदवही. “आम्ही सांगितले होते, त्याने ऐकले नाही.” एवढ्या एका वाक्यात तुटलेल्या बोटांचा हिशोब पुरा होतो. ज्याने सांगितले तो सुटतो आणि ज्याची बोटे गेली तोच अपराधी ठरतो. माझा आक्षेप सूचनेला नाही, या हिशोबाला आहे.

आपल्या धर्मग्रंथाचा हिशोब याच्या नेमका उलट आहे. अनुवादाच्या पुस्तकातील बाविसाव्या अध्यायात एक साधा नियम येतो. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा बांधावा. तसे न केल्यामुळे कोणी खाली पडला, तर त्या रक्ताचा दोष घरावर येतो. सुरक्षिततेचा यापेक्षा जुना आणि यापेक्षा नेमका कायदा शोधूनही क्वचितच सापडेल. त्यात धाब्यावर जाणाऱ्याने जपून चालावे असे म्हटलेले नाही. त्याच्याकडून सही घ्यावी, धाब्यावर सूचनाफलक लावावा, असेही नाही. माणूस आहे म्हणजे त्याचा पाय घसरणार, हे गृहीत धरून घराच्या धन्याला कठडा बांधायला सांगितले आहे. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात उघड्या टाकलेल्या खड्ड्याची भरपाई खड्डा खणणाऱ्याने द्यायची आहे. त्याच अध्यायात मारक्या बैलाचा दाखला आहे. बैल मारका आहे असा इशारा धन्याला आधी मिळालेला असूनही त्याने तो बांधून ठेवला नाही आणि त्या बैलाने माणूस मारला, तर धनी स्वतः प्राणदंडास पात्र ठरतो. इशारा मिळाला, की जबाबदारी वाढते ती ज्याच्या हाती दावे आहे त्याची. आपल्या कारखान्यांनी इशाऱ्याचा हा प्रवाहच उलटा वळवला आहे. बैल मोकळाच आहे, आणि तो मारका असल्याचे लेखी निवेदन गोठ्यात राबणाऱ्या गड्याकडून सही करून घेतले जाते.

येथे कारखानदार मंडळींचा पहिला आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते म्हणतात, “हेल्मेट आम्ही देतो, कामगार ते डोक्यावर न ठेवता खुंटीला अडकवतो. हातमोजे देतो, तो काढून ठेवतो. यंत्राला जाळी बसवली, तर ती तोच उचकटून टाकतो. आम्ही काय करावे?” हे घडते, यात शंका नाही. पण ते का घडते, हा प्रश्न विचारल्यावाचून या वाक्याला पुराव्याचा दर्जा देता येणार नाही. पत्रे कापणाऱ्या, ठोकणाऱ्या पॉवर प्रेसवर काम करणाऱ्या मुलाला तासाला अमुक इतके नग काढायचे ठरवून दिलेले असते. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, अशी सोय यंत्रात करता येते. तशी केली, तर हात डायखाली राहूच शकत नाही. प्रकाशकिरणांचा पडदा बसवला, तर हात आत जाताच यंत्र थांबते. परंतु दोन बटणांनी नग कमी निघतात. मग एक बटण कायमचे दाबून बांधले जाते, किंवा पायाच्या पट्टीवर काम चालू होते. ते कोणाच्या देखत? ज्याने सकाळी सूचना वाचून दाखवल्या, त्याच सुपरवायझरच्या. सकाळी सव्वाआठ वाजता तो सुरक्षिततेचा उपदेशक असतो आणि साडेआठपासून उत्पादनाचा मुकादम. कामगार अडाणी असेल, पण यांपैकी कोणता आवाज खरा हे त्याला अचूक कळते. त्याची रोजी दुसऱ्या आवाजावर अवलंबून आहे.

सुरक्षाशास्त्राने उपायांची एक उतरंड सांगितली आहे. प्रथम धोकाच नाहीसा करावा. तो होत नसेल, तर त्या जागी कमी धोक्याची वस्तू वा पद्धत आणावी. तेही शक्य नसेल, तर यंत्रालाच आडोसा करावा. त्यानंतर नियम, सूचना आणि प्रशिक्षण. आणि सर्वांच्या शेवटी हेल्मेट, हातमोजे, गॉगल. आपल्याकडे ही उतरंड पायापाशी सुरू होते आणि पायापाशीच संपते. शेवटचा उपाय तेवढा केला जातो, कारण तो सर्वांत स्वस्त आहे, आणि तो फसला तर दोष वापरणाऱ्याच्या माथी मारता येतो. त्यातही गंमत अशी, की फिरत्या यंत्राजवळ सैल हातमोजा हे रक्षण नसून संकट आहे. तो गुंतला, की हात आत ओढला जातो. जो कामगार तेथे हातमोजा काढून ठेवतो, तो कित्येकदा सूचना लिहिणाऱ्यापेक्षा अधिक शहाणा असतो.

कामगारालाच अपराधी ठरवण्याची ही रीत किती दूर जाऊ शकते, हे भोपाळने दाखवले आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री विषारी वायू सुटला, तेव्हा टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि वायू जाळून टाकणारी ज्योतही कामात नव्हती. खर्चकपातीत माणसे कमी झाली होती. १९८२ सालीच राजकुमार केसवानी या स्थानिक पत्रकाराने आपल्या साप्ताहिकातून शहराला सावध केले होते. म्हणजे बैल मारका असल्याचा इशारा धन्याला मिळालेला होता. असे असूनही युनियन कार्बाइडचा पुढील बचाव काय होता? एका असंतुष्ट कामगाराने घातपात केला! हजारोंच्या प्रेतांपुढे उभे राहून जर हे म्हणता येते, तर सणसवाडीतल्या एखाद्या शेडमध्ये दोन बोटे गमावलेल्या मुलाबद्दल काय म्हटले जाणार नाही?

आणि ही बोटे मोजकी नाहीत. सेफ इन इंडिया फाउंडेशन ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ या नावाने वाहन उद्योगातील अपघातांचे अहवाल प्रसिद्ध करीत आहे. त्यांत हरियाणाबरोबर आपल्या पुणे परिसराचेही चित्र येते. ते वाचवत नाही. जखमींत कंत्राटी आणि परप्रांतीय कामगारांचा भरणा मोठा. बोटे चिरडणाऱ्या यंत्रांत पॉवर प्रेस अग्रभागी. आणि कित्येकांना राज्य विमा योजनेचे ओळखपत्र मिळते ते अपघात घडून गेल्यानंतर. म्हणजे सुरक्षिततेच्या वहीत ज्याची सही पहिल्या दिवसापासून असते, विम्याच्या वहीत त्याचे नाव रक्त सांडल्यावर येते. कोणती वही कोणासाठी आहे, हे याहून स्पष्ट कसे व्हावे?

बोटांची ही कथा, तर प्राणांची काय सांगावी? पुणे जिल्ह्यापुरते बोलायचे, तरी मुळशी तालुक्यातील उरवडे येथे ७ जून २०२१ रोजी कारखान्याला लागलेल्या आगीत १७ कामगार मृत्यू पावले. त्यांत १५ स्त्रिया होत्या. पिंपरी-चिंचवडजवळ तळवडे येथे ८ डिसेंबर २०२३ रोजी वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाज्या बनवणाऱ्या शेडला आग लागली. त्याच दिवशी सहा जीव गेले आणि पुढील दिवसांत मृतांचा आकडा वाढत राहिला. दौंड तालुक्यात कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत ऑगस्ट २०१९ मध्ये एका रासायनिक कारखान्याला रात्री आग लागली, तेव्हा आसपासच्या वस्त्यांतील लोक मुलेबाळे घेऊन घराबाहेर पडले. शेजारच्या कारखान्यात काय साठवले आहे, वारा आपल्याकडे असेल तर कोणत्या दिशेने जावे, हे त्या वस्त्यांना आधी कोणी सांगायला हवे होते? भोपाळनंतर १९८७ साली कारखाना अधिनियमात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांना आणि परिसरातील जनतेला देण्याचे बंधन मालकावर आले. चाळीस वर्षे होत आली. माहिती अजून फाटकाच्या आतच आहे.

येथून मी भाषेच्या प्रश्नाकडे येतो, कारण सूचना देणे आणि सूचना पोचणे यांत जे अंतर आहे, त्यातच माणसे मरतात. शिक्रापूरच्या चाकण चौकात सकाळी उभे राहिले, तर मराठवाड्याची आणि विदर्भाची मराठी, भोजपुरी, उडिया, बंगाली अशा नाना बोली कानी पडतात. परिसरातील शेतकऱ्यांनी बांधलेल्या पत्र्याच्या खोल्यांत ही माणसे दाटीवाटीने राहतात. कारखान्याच्या भिंतीवर मात्र फलक इंग्रजीत. रसायनाच्या पिंपावरील धोक्याची चिठ्ठी इंग्रजीत. सही करायचा कागदही इंग्रजीत. वाचणाऱ्याला समजत नाही आणि सही करणाऱ्याला वाचता येत नाही. तरीही ‘समजले’ या शब्दाखाली अंगठा उमटतो. याला सूचना म्हणणे म्हणजे सत्याचा अपलाप होय.

भाषेचा हा धडा ख्रिस्ती समाजाने तरी विसरू नये. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापले ते लॅटिनमध्ये नव्हे, मराठीत. कारण त्यांना ते लोकांच्या अंतःकरणापर्यंत पोचवायचे होते. याच दौंड तालुक्यातील केडगावी पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्यात वेचली, आणि १९२२ साली देह ठेवण्यापूर्वी ते काम पुरे केले. विद्वानांसाठी भाषांतर आधीच होते. त्यांना ते साध्या बायाबापड्यांसाठी हवे होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनाविधीत लोकभाषेला दार उघडले, तेव्हा ख्रिस्तसभेने हेच मान्य केले, की न कळणाऱ्या शब्दांपुढे मान डोलावणे म्हणजे सहभाग नव्हे. तारणाचा संदेश ज्या तत्त्वाने लोकभाषेत आला, त्याच तत्त्वाने प्राण वाचवणारी सूचनाही कामगाराच्या भाषेत यायला हवी.

आता दुसरा आक्षेप. लहान कारखानदार म्हणतो, की हे सारे मोठ्यांना परवडते. आम्ही मोठ्या कंपन्यांचे सुटे भाग करून देणारे, आमच्या हाती उरते तरी काय? या गाऱ्हाण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच ते योग्य दारी नेले पाहिजे. मोठी कंपनी आपल्या अंगणात सुरक्षिततेची बक्षिसे मिरवते आणि सुट्या भागाचा भाव इतका खाली दाबते, की प्रेसवरचा पडदा पुरवठादाराला चैन वाटावी. तिच्या स्वच्छ आवारात अपघात होत नाहीत, कारण ते तिने भावासकट बाहेर दिलेले असतात. पुरवठादाराच्या मालाचा दर्जा तपासायला माणूस पाठवणाऱ्या कंपनीला त्याच्या कामगारांची बोटे मोजायलाही माणूस पाठवता येईल. पण भाव कमी मिळतो म्हणून पडदा लावला नाही, हे समर्थन मात्र चालणार नाही. कठड्याचा नियम श्रीमंताच्या धाब्यापुरता दिलेला नाही.

तिसरा आक्षेप कायद्याविषयी आहे. नियमांच्या जाचाने उद्योग पळून जातो, ‘इन्स्पेक्टर राज’ संपले पाहिजे, असे गेली तीस वर्षे आपण ऐकत आहोत. निरीक्षकांच्या लाचखोरीबद्दल मला कळवळा नाही. पण चोराशी हातमिळवणी करणारा शिपाई सापडला, म्हणून कोणी चौकी उठवत नाही. १९४८ चा कारखाना अधिनियम जाऊन त्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तिच्यात चांगले नाही असे नाही. नियुक्तिपत्र सक्तीचे झाले, हे कंत्राटी मुलांसाठी मोठे पाऊल आहे. सुरक्षा अधिकारी पूर्वी हजार कामगारांच्या कारखान्याला लागत असे, तो आता पाचशेंच्या आणि धोकादायक प्रक्रिया असेल तर अडीचशेंच्या कारखान्याला लागेल. परंतु विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या मूळ कायद्यातील दहा कामगारांवरून वीसवर गेली, आणि निरीक्षक आता ‘निरीक्षक-नि-सुलभकर्ता’ झाला. सणसवाडीच्या मागच्या गल्लीत पंधरा पोरे घेऊन चालणाऱ्या शेडला सुरक्षा अधिकारी नाही, सुरक्षा समिती नाही, आणि येणारा निरीक्षक प्रथम मालकाचा सल्लागार. सर्वांत दाट धोका तेथेच, आणि सर्वांत विरळ कायदाही तेथेच.

कामगारांच्या मागण्या काही आजच्या नाहीत. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांचे जे निवेदन सिद्ध केले, त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, अशी त्यात मागणी होती. नुकसानभरपाईचा कायदा आला १९२३ मध्ये. त्या सह्या आणि आजच्या वहीतील सह्या यांत केवढे अंतर! त्या हक्क मागण्यासाठी केलेल्या होत्या. आजच्या सह्या हक्क सोडल्यासारख्या घेतल्या जातात.

इतका वेळ आपण कारखानदारांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. आता थोडे आपल्या अंगणाकडे वळू. अपघाताची बातमी आली, की आपल्या तोंडी सहज येते, “देवाची इच्छा!” हे श्रद्धेचे नव्हे, आळसाचे वचन आहे. सैतानाने प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन खाली उडी टाकायला सुचवले, देवदूत झेलतील अशी हमीही दिली. प्रभूने ती झिडकारली आणि देवाची परीक्षा पाहू नये असे बजावले. जो आपल्या मजुराला दोराशिवाय तिसऱ्या मजल्यावर चढवतो आणि वर देवाचे नाव घेतो, तो त्या शिखरावर कोणाच्या बाजूने उभा आहे? सिलोआमचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक अपराधी होती हा समज प्रभूने खोडून काढला. मृताच्या माथी दोष मारण्याची आपली खोड त्या काळाइतकी जुनी आहे, आणि तिचा निषेधही तितकाच जुना.

आपल्या धर्मग्रामांत सण आला, की चर्चच्या मनोऱ्यावर विजेची माळ सोडायला कोणी तरी पोरगा अनवाणी चढतो. आपल्या शाळांच्या आणि सभागृहांच्या बांधकामावर गवंडी बांबूच्या परांचीवर तोल सावरत असतात. हेल्मेट नाही, पट्टा नाही, खाली जाळी नाही. कोनशिलेवर महागुरूस्वामींचे नाव कोरले जाते; त्या परांचीबद्दल कंत्राटदाराला मात्र कोणी विचारत नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ मध्ये श्रमाने माणसाचे शरीर झिजवून टाकणे अन्यायाचे ठरवले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झेरचेन्स’ या परिपत्रकात शरीराला इजा न करणारे कामाचे ठिकाण हा कामगाराचा हक्क म्हणून सांगितला. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महाशयांनी लिओ हे नाव घेताना याच परंपरेचे स्मरण दिले. एवढा वारसा ज्यांच्या पाठीशी आहे, त्यांनी आपल्या चर्चच्या कंत्राटात परांचीचे एक कलमही घालू नये? १ मे रोजी कामगार संत योसेफाचा सण आपण मिस्साबलीने साजरा करतो. त्या सुताराच्या नावाने केलेली प्रार्थना परांचीच्या फळीपर्यंत पोचत नसेल, तर तीही कारखान्याच्या शपथेसारखीच तोंडदेखली होय.

मग करावे काय? सूचना बंद कराव्यात का? मुळीच नाही. सूचना खरी करावी. तिच्यासाठी उदाहरण शोधायला परदेशी जाण्याचे कारण नाही. शिरूर तालुक्यातच पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. मुलांनी हाताने काम करता करता शिकावे, हे त्या शिक्षणाचे सूत्र आहे. सुरक्षितता शिकवायची ती अशीच: यंत्रापाशी उभे राहून, कामगाराच्या बोलीत, ते थांबवायचे बटण त्याच्याच हाताने दाबवून. आणि शिकवून झाल्यावर सही घ्यायचीच असेल, तर ती आधी मालकाने करावी. यंत्राला आडोसा आहे, दोन्ही बटणे चालू आहेत, बाहेर पडायचे दार उघडे आहे, कामगाराचे नाव विम्यात आहे, असे रोज सकाळी त्याने लिहून द्यावे. त्याच्या सहीखाली कामगाराने करावी. कामगाराला आणखी एक अधिकार हवा, आणि तो कागदावर नव्हे, प्रत्यक्षात हवा: धोका दिसताच यंत्र बंद करून बाजूला होण्याचा, आणि त्याबद्दल रोजी न गमावण्याचा. हा अधिकार जेथे नाही, तेथे सकाळची सूचना म्हणजे नुसते शब्द.

कुडाच्या भिंती जाऊन आपल्या परिसरात आता सिमेंटची धाबी आली. घर बांधताना कोणताही गृहस्थ धाब्याला कठडा बांधायला विसरत नाही, कारण तेथे त्याची स्वतःची लेकरे खेळणार असतात. शिक्रापूरच्या पत्र्याच्या खोलीतून पहाटे डबा घेऊन निघणारा मुलगाही कोणाचे तरी लेकरू आहे. ज्याच्या घामावर आपण धाबे चढवतो, त्याच्यासाठी कठडा बांधणे हा उपकार नव्हे. ते न बांधणाऱ्याच्या घरावर रक्ताचा दोष येतो, आणि तो कोणत्याही नोंदवहीने धुऊन निघत नाही.